रंग आधी वाटीत चढतो

कलप लावणाऱ्या माणसाबद्दल बोलताना आवाज आपोआप खाली येतो. "ती लावते का गं?" एवढंच विचारलं जातं, काय लावते ते सांगावं लागत नाही. चष्म्याचा नंबर, दातांची कवळी, गुडघ्याचं ऑपरेशन याविषयी माणसं चारचौघांत मोकळेपणी बोलतात. केसांच्या रंगाचा विषय निघाला की मात्र समोरच्याची नजर हळूच आपल्या भांगाकडे जाते आणि आपला हात नकळत कपाळावरच्या बटेकडे. मी गेली कित्येक वर्षं केस रंगवते. लपवून नाही आणि मिरवूनही नाही. "वय लपवायची धडपड" एवढ्यावर हा विषय मिटवला जातो तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं, म्हणून हे लिहायला घेतलं.

वय लपत नाही. ते मानेवर दिसतं, हाताच्या शिरांत दिसतं, जिना चढून आल्यावर लागलेल्या श्वासात ऐकू येतं. कलप लावणाऱ्याला हे इतरांपेक्षा जास्तच ठाऊक असतं, कारण दर महिन्याला वर येणारी पांढरी मुळं तोच सगळ्यात जवळून बघत असतो. तरीही तो लावतो. मला वाटतं, त्याला काही लपवायचं नसतं. आपल्याकडे बघणाऱ्याला आपल्याविषयी सगळ्यात आधी काय कळावं, हे ठरवण्याचा थोडासा हक्क त्याला हवा असतो. नाक, उंची, आवाज, कातडीचा रंग यांत आपलं कुणी काही विचारलेलं नसतं. केसांपुरतं मात्र आपल्याला विचारता येतं, आणि उत्तर दर महिन्याला बदलताही येतं.

केस बदलता येतात, कारण ते मेलेले असतात. जिवंत असतं ते फक्त मूळ, कातडीच्या आत. तिथल्या रंगपेशी मेलॅनिन नावाचं द्रव्य तयार करून वाढत्या केसात भरत जातात. काळ्या-तपकिरी छटेचं युमेलॅनिन आणि लालसर-पिवळ्या छटेचं फिओमेलॅनिन, एवढ्या दोघांच्या कमीजास्त प्रमाणातून जगातले सगळे नैसर्गिक केस रंगतात. केस एकदा बाहेर आला की त्यात नवा रंग भरला जात नाही. म्हणून काळा केस पांढरा होत गेला असं आपण म्हणतो ते तितकंसं खरं नाही; पांढरा केस मुळातून पांढराच उगवतो. त्यात पांढरा असा रंगही नसतो. केस ज्या प्रथिनाचा बनतो त्या, रंगद्रव्य नसलेल्या केराटिनवरून उजेड विखुरतो आणि आपल्याला तो पांढरा दिसतो. काळ्यांत असे पांढरे मिसळले की लांबून सगळं करडं वाटतं, पण हातात घेऊन बघितलं तर करडा असा केस क्वचितच सापडतो.

हे का होतं, यावर गेल्या काही वर्षांत बरंच कळलंय. 2009 साली युरोपातल्या संशोधकांनी दाखवलं की पिकलेल्या केसांच्या मुळांत हायड्रोजन पेरॉक्साइड साठत जातं. शरीरात ते थोडं थोडं सगळीकडेच तयार होतं, पण त्याचा निचरा करणारं एन्झाइम वयानुसार कमी पडायला लागतं आणि मग मेलॅनिन तयार व्हायच्या कामातच खोडा बसतो. 2020 मध्ये उंदरांवरच्या एका अभ्यासात दिसलं की तीव्र ताणाच्या वेळी मज्जातंतूंतून सुटणाऱ्या रसायनामुळे रंगपेशींचा राखीव साठा संपून जातो. 2023 मध्ये, पुन्हा उंदरांतच, असं आढळलं की या राखीव पेशी मुळात वरखाली फिरत असतात आणि वय झालं की एका जागी अडकून पडतात. काळजीने केस पिकतात असं आया-आज्या म्हणत आल्या, त्यात तथ्य निघालं.

यातली पेरॉक्साइडची गोष्ट मला फार आवडते. कलपाच्या खोक्यात जी दुसरी बाटली येते, जिला डेव्हलपर म्हणतात, तिच्यातही तेच हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. ज्याने आतून रंग घालवला त्याच्याच मदतीने आपण बाहेरून रंग चढवतो.

आणि तो रंग आधी वाटीत चढतो. हे ज्याने कधी निवांत बघितलं नाही त्याने एकदा बघावं. वाटी प्लॅस्टिकची किंवा काचेची घ्यायची, धातूची नाही, कारण पेरॉक्साइडची धातूशी गाठ पडली की ते भलतीकडेच कामाला लागतं. ट्यूबमधून पिळलेलं क्रीम काळं नसतंच. फिकट, जवळजवळ पांढरं असतं. पहिल्यांदा लावणारा इथेच दचकतो आणि खोक्यावरचं नाव पुन्हा वाचतो. डेव्हलपर ओतून ब्रशने ढवळलं तरी काही वेळ ते पांढरटच राहतं. मग वाटीच्या कडेला, जिथे थर पातळ असतो आणि हवा लागते तिथे, जांभळट झाक येते. ती तपकिरी होते. ब्रशच्या केसांत अडकलेलं क्रीम सगळ्यात आधी गडद होतं. डोक्याची मागची बाजू होईपर्यंत वाटीत उरलेलं क्रीम चांगलंच काळपट झालेलं असतं.

केसात हेच घडत असतं, फक्त दिसत नाही. क्रीममध्ये तयार रंग नसतो. रंगाचे सुटे भाग असतात, आणि ते इतके बारीक असतात की केसात शिरू शकतात. केसाचं बाहेरचं आवरण एकमेकांवर चढलेल्या खवल्यांचं असतं. अमोनियाने किंवा त्याच्या जागी वापरलेल्या दुसऱ्या अल्कलीने केस फुगतो, खवले सैल होतात आणि हे बारीक रेणू आत जातात. आत पेरॉक्साइड त्यांना एकमेकांशी जोडतं. जोडलेला रेणू मोठा असतो, रंगीत असतो आणि आल्या वाटेने बाहेर पडू शकत नाही. म्हणून हा रंग धुऊन जात नाही. सांगितलेल्या वेळेआधी डोकं धुतलं तर हे जोडकाम अर्धवट राहतं. घाईने लावलेला कलप आठवड्या-दोन आठवड्यांत लालसर का दिसायला लागतो, त्याचं एक कारण इथे आहे.

हाताचं काम मात्र रसायनाइतकं सरळ नाही. केसांचे चार भाग करायचे, क्लिपा लावायच्या. कपाळाच्या कडेला, कानांच्या पाळीवर पेट्रोलियम जेली चोळायची, नाहीतर डाग दोन-तीन दिवस जात नाहीत. कानशिलावरचे पांढरे केस हट्टी असतात, रंग लवकर धरत नाहीत, म्हणून सुरुवात तिथून. मुळांना भरपूर लावायचं आणि आधीच रंगलेल्या लांबीवर दर वेळी थर चढवायचे नाहीत, कारण टोकं नुसती काळी होत जातात, कोरडी पडतात आणि सगळं डोकं एकसारखं, निर्जीव दिसायला लागतं. नैसर्गिक केसात एकच एक रंग कधीच नसतो. उन्हातल्या वरच्या बटा फिक्या असतात, मानेजवळच्या गडद. कलप ओळखू येतो तो बहुतेक वेळा काळेपणामुळे नाही, त्या एकसारखेपणामुळे.

आईचे केस मीच रंगवते. तिचं वय झालंय, हात वर करून मागचं लावणं तिला जमत नाही. ती जुना गाऊन घालून स्टुलावर बसते, मान खाली घालते, आणि मी विंचरणीच्या टोकाने एकेक पदर उचलत जाते. तिचे केस आता इतके विरळ आहेत की ब्रशपेक्षा बोटांनी लावलेलं बरं पडतं. टाळू ऊबदार लागते. कानामागची एक जुनी खूण मला या कामामुळेच माहीत झाली. एकदा मी म्हटलं, "आई, मागचं कोण बघतंय, राहू दे आज." तर ती म्हणाली, "मला दिसत नाही म्हणून लोकांना दिसत नाही असं थोडंच आहे? नीट लाव." मी नीट लावलं. मोठी झालेली मुलगी आईच्या डोक्याला एरवी इतका वेळ हात लावत नाही. आमच्यात काही बोलायचं राहिलं असेल तर ते त्या वेळात बोललं जातं. बोलायचं नसेल तर दोघी गप्प बसतो आणि तेही चालतं.

माणूस हे फार पूर्वीपासून करत आलाय. सहाव्या शतकातला वराहमिहिर ग्रहताऱ्यांचा जाणकार म्हणून आपल्याला माहीत असतो. त्याच्या बृहत्संहितेत सुगंधी द्रव्यांचं जे प्रकरण आहे त्याची सुरुवात केसांच्या रंगाने होते. तो म्हणतो, डोक्याचे केस पांढरे झालेल्याला माळा, अत्तर, वस्त्रं, दागिने शोभत नाहीत, म्हणून डोळ्यांत काजळ घालावं, दागिने घालावेत, तसाच केसांना रंगही लावावा. लगेच कृती येते: लोखंडाच्या भांड्यात कोद्रूचे दाणे आंबट द्रवात लोहचूर्णासह शिजवायचे, बारीक वाटून केसांना लावायचे, ओल्या पानांनी डोकं गुंडाळून दोन प्रहर बसायचं. मग ते काढून आवळ्याचा लेप, पुन्हा पानं, पुन्हा दोन प्रहर. धुतल्यावर केस काळे. मला या कृतीत दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे ती रसायन म्हणून पटण्यासारखी आहे. आवळ्यातलं टॅनिन आणि लोह एकत्र आले की काळा रंग तयार होतो, जुनी लेखणीची शाई याच तत्त्वावर बनायची. दुसरी म्हणजे तिचा सूर. त्यात लाज नाही, कुजबुज नाही. काजळासारखीच ही एक गोष्ट, करावी.

त्याच परंपरेत अगदी उलटा सूरही आहे. कालिदासाच्या रघुवंशात म्हाताऱ्या दशरथाच्या कानाजवळचा केस पांढरा होतो. कवी म्हणतो, वार्धक्यच पिकल्या केसाचं रूप घेऊन त्याच्या कानाशी आलं आणि, जणू कैकेयी ऐकेल या भीतीने, हळूच म्हणालं की राज्य रामाला दे. पांढरा केस म्हणजे निरोप. तो ऐकावा की नाही, आणि कधी ऐकावा, यावरूनच माणसांचे दोन पक्ष पडलेत असं मला वाटतं. मी दोघांनाही मानते. निरोप मिळालेला असतो; फक्त तो सगळ्या दरबाराला मोठ्याने वाचून दाखवायची सक्ती का असावी?

जुन्या रोमनांची हौस जास्त धाडसी होती. प्लिनी या रोमन लेखकाने नोंदवलेल्या एका कृतीत जळवा शिशाच्या भांड्यात व्हिनेगरमध्ये कुजवून डोक्याला चोळायच्या आहेत आणि लावताना तोंडात तेल धरायचं आहे, नाहीतर म्हणे दातही काळे होतात. ग्रीक-रोमन काळातली दुसरी कृती शिसं आणि चुन्याची. 2006 साली फ्रान्समधल्या संशोधकांनी ती पुन्हा करून बघितली तेव्हा कळलं की शिसं केसातल्याच गंधकाशी जुळतं आणि केसाच्या आत शिशाच्या सल्फाइडचे जेमतेम 5 नॅनोमीटरचे स्फटिक तयार होतात. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी, काही न कळता, केसाच्या आत काळा रंग घडवत होतं. शिसं विषारी आहे हे कळूनही ते लवकर सुटलं नाही. हळूहळू काळे करणाऱ्या कलपांतलं लेड ॲसिटेट, म्हणजे शिशाचंच एक संयुग, अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने बाद ठरवलं ते थेट 2018 मध्ये.

सोळाव्या शतकातल्या व्हेनिसमधल्या बायका घराच्या छपरावरच्या लाकडी गच्चीत भर उन्हात बसायच्या. डोक्यावर रुंद काठाची, मधला भाग नसलेली टोपी. त्या भोकातून केस वर काढून काठावर पसरायचे आणि स्पंजने त्यांवर द्रव लावत राहायचं. चेहरा सावलीत, केस उन्हात, सोनेरी होईपर्यंत. मेंदीची गोष्ट याहून पुष्कळ सौम्य आहे. तिच्या पानांतला लॉसोन नावाचा रेणू केराटिनला थेट चिकटतो, पेरॉक्साइड-अमोनिया काही लागत नाही. पण ती फक्त तांबूसच रंग देते. बाजारात "काळी मेंदी" म्हणून मिळणाऱ्या पुडीत निळीची पानं मिसळलेली असतात किंवा सरळ रासायनिक कलप. हे पुडीवर वाचून घेतलेलं बरं.

आजचा कलप जन्माला आला तो दगडी कोळशाच्या डांबरातून. 1856 साली अठरा वर्षांचा विल्यम पर्किन मलेरियावरचं औषध क्विनाइन बनवायला गेला आणि त्याच्या हाती जांभळा रंग लागला. त्यातून कृत्रिम रंगांचा सगळा उद्योग उभा राहिला. पर्किनच्या गुरूने, ऑगस्ट हॉफमनने, 1863 मध्ये पॅराफिनायलिनडायमिन या पदार्थाची ओळख करून दिली. त्यालाच आता पीपीडी म्हणतात, आणि पुष्कळ कलपांत केसात शिरून रंग घडवणारा सुटा भाग तोच असतो. 1907 मध्ये पॅरिसमध्ये यूजेन श्युलर या तरुण रसायनशास्त्रज्ञाने आपला कलप तयार केला, तो केशभूषाकारांना विकायला सुरुवात केली आणि 1909 मध्ये कंपनी काढली. तिच्या पहिल्या नावातच "निरुपद्रवी केसरंग" असं होतं. लोकांच्या मनात किती धास्ती असेल, ते त्या एका नावावरून कळतं. तीच कंपनी पुढे लॉरेयाल झाली.

लाज जाहिरातीने घालवली असं म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं. 1956 मध्ये क्लेरॉल या अमेरिकन कलपासाठी शर्ली पॉलिकॉफने जी ओळ लिहिली तिचा मतलब असा: ती लावते की नाही? तिच्या केशभूषाकारालाच काय ते ठाऊक! जाहिरातीतल्या बाया शेजारच्या घरातल्या वाटाव्यात अशा, बरोबर लहान मूल. केस रंगवणारी बाई घरंदाज असते हे न बोलता सांगायचं होतं. घरच्या घरी, एकाच टप्प्यात करता येईल असा कलप तोवर आला होता, त्यामुळे केशभूषाकारालाही कळण्याचं कारण उरलं नाही. पण त्या ओळीचा सगळा भर कुणाला कळू नये यावरच आहे. 1973 मध्ये तेवीस वर्षांच्या आयलन स्पेक्टने लॉरेयालसाठी लिहिलं: कारण मी त्या योग्यतेची आहे. यात शेजारीण नाही, नवरा नाही, कुजबुज नाही. जाहिरात ही शेवटी माल खपवण्यासाठी असते हे मला कळतं. तरी पहिल्या ओळीपासून दुसऱ्या ओळीपर्यंत बायका किती अंतर चालून आल्या, ते बघून मी भारावते.

कुणाला कळू नये, ही ओढ फक्त बायकांची नाही. 2002 मध्ये जर्मनीचे चान्सलर गेरहार्ड श्रोडर आपले केस रंगवलेले नाहीत असं सांगत कोर्टात गेले, आणि ते रंगवतात असं छापायला हॅम्बुर्गच्या कोर्टाने एका वृत्तसंस्थेला मनाई केली. चीनमधले बडे नेते वर्षानुवर्षं एकजात काळ्याभोर केसांनी वावरत. एकेकाळी देशाची सगळी सुरक्षा यंत्रणा ज्याच्या हातात होती तो चौ योंगकांग 2015 मध्ये शिक्षा ऐकायला कोर्टात उभा राहिला तेव्हा त्याचं डोकं पांढरंशुभ्र होतं. शिक्षेची बातमी देणाऱ्यांनी त्याच्या केसांबद्दलही लिहिलं.

"हे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत" असं म्हणणाऱ्या माणसाला सभेत मान मिळतो, मिळायलाच हवा. पण तेच केस बाईच्या डोक्यावर असले तर मानाऐवजी चौकशी होते: बरं नाही का? थकलीस का? कॅनडात लिसा लाफ्लाम या नामवंत वृत्तनिवेदिकेने 2020 च्या महासाथीत सलून बंद असताना केस रंगवणं सोडलं आणि रुपेरी केसांनी बातम्या देत राहिली. 2022 मध्ये वाहिनीने तिचा करार संपवला. हा व्यवसायाचा निर्णय आहे असं कंपनीने सांगितलं. पण देशभर चर्चा झाली ती केसांचीच, आणि बायकांनी ती इतक्या पोटतिडकीने केली, कारण प्रत्येकीला त्यात स्वतःचं काहीतरी दिसलं. याच्या उलट टोकाला जपानमधल्या ओसाकाची गोष्ट आहे. आपले केस मुळातच तपकिरी आहेत, तरी शाळेने ते पुन्हा पुन्हा काळे करायला लावले, असं सांगत एका मुलीने 2017 मध्ये दावा लावला. 2021 मध्ये कोर्टाने तिला 3,30,000 येन भरपाई द्यायला सांगितली, पण ती तिचं बाक आणि पटावरचं नाव काढून टाकल्याबद्दल. केस काळे असावेत हा नियम कोर्टाला बेकायदा वाटला नाही. केस रंगवायला लावणं आणि रंगवू न देणं या दोन्हींत चूक एकच आहे. डोकं एकाचं आणि निर्णय दुसऱ्याचा.

आता धोक्याविषयी, आणि इथे मला अजिबात आडपडदा ठेवायचा नाही. पीपीडीची ॲलर्जी हा खरा त्रास आहे. डोकं खाजतं, कपाळ आणि पापण्या सुजतात, पाणी सुटतं. आणि एकदा ॲलर्जी जडली की ती सहसा आयुष्यभर राहते. वर्षानुवर्षं काही न होता एखाद्या दिवशी अचानक सुरू होऊ शकते. म्हणून कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून 48 तास वाट बघायची, ही खोक्यावरची सूचना प्रत्येक वेळी पाळायची. "मी कायम हाच लावते" हे उत्तर चालत नाही. अंगावर तात्पुरतं काळं टॅटू काढून घेतलं असेल तर जास्तच जपायचं, कारण त्यात पुष्कळदा पीपीडी भरपूर असतं आणि ॲलर्जीची सुरुवात तिथून होते. कलपाने भुवया, पापण्या रंगवायच्या नाहीत. "अमोनिया नाही" असं लिहिलेल्या खोक्यात पीपीडी असू शकतं, हे फार थोड्यांना माहीत असतं.

कॅन्सरचा प्रश्नही खोटा नव्हता. 1975 मध्ये ब्रूस एम्स हा अमेरिकन शास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तेव्हा बाजारात असलेले 169 कलप जिवाणूंवर तपासले; त्यांतल्या 150 मुळे जनुकांत बदल होताना दिसले. त्यानंतर काही घटक वगळले गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने 2010 मध्ये असं मांडलं की जे दिवसरात्र हेच काम करतात त्या केशभूषाकारांच्या बाबतीत धोका संभवतो, आणि स्वतःपुरता कलप लावणाऱ्यांच्या बाबतीत निश्चित काही म्हणता येईल इतका पुरावा नाही. मला यातला पहिला भाग जास्त लागतो. आपण महिन्यातून एकदा अर्धा तास तो वास घेतो. आपल्याला रंग लावणारी मुलगी दिवसभर घेते. तिने हातमोजे घातलेत का आणि खिडकी उघडी आहे का, हे विचारणं ग्राहकाला शोभतं.

काळ्याच्या पलीकडचे रंग माझ्या भाचीने मला शिकवले. तिला केस निळे हवे होते. गडद केसांवर निळा दिसत नाही, आधी असलेला रंग उतरवावा लागतो, आणि ब्लीच केसातलं मेलॅनिन एका दमात घालवत नाही. काळा केस आधी तांबूस होतो, मग नारिंगी, मग पिवळा, मग फिका पिवळा. आम्ही ओळखीच्या केशभूषाकाराकडे बसून हे सगळे मुक्काम बघितले. पिवळेपणा मारायला जांभळा टोनर लागतो, नारिंगीवर निळा. रंगचक्रात जे समोरासमोर असतात ते एकमेकांना विझवतात. नारिंगीपाशी पोचल्यावर भाचीने आरशात बघितलं आणि म्हणाली, "मावशी, हाच राहू दे ना!" तो कुणी ठरवलेला रंग नव्हता, वाटेतला मुक्काम होता. तिने तो ठेवला. 1977 मध्ये न्यूयॉर्कमध्ये दोघी बहिणींनी मॅनिक पॅनिक नावाचं दुकान काढून असे भडक रंग विकायला घेतले, तेव्हा ते घेणारी मुलं पंक संगीतातली होती आणि हे केस आमचे आहेत, एवढंच त्यांना जगाला सांगायचं होतं. भाचीला जगाला काहीच सांगायचं नव्हतं. तिला आरशात बघून मजा वाटली. मला हे कारण कुठल्याही कारणाइतकंच मोठं वाटतं.

थांबणाऱ्यांबद्दलही मला तितकाच जिव्हाळा आहे. कलप सोडणं हे सुरू करण्यापेक्षा अवघड आहे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे खांद्यापर्यंतचे केस पूर्ण बदलायला दोन वर्षं तरी लागतात, आणि तोवर वर पांढरं, खाली काळं अशी सीमारेषा डोक्यावर घेऊन लग्नाकार्याला, कामाला, सगळीकडे जावं लागतं. भेटेल तो विचारतो, "हे काय, आजारी होतीस?" माझ्या एका मैत्रिणीने ती रेष शेवटपर्यंत सांभाळली. ना केस कापले, ना टोपी घातली. आता तिचे केस पांढरे आहेत, दाट आहेत, आणि तिला शोभतात. कलप लावत होती तेव्हाही शोभायची. तिला पाहून मला "आपणही सोडावं" असं वाटलं नाही. ठरवलं तर आपल्यालाही निभेल, एवढा धीर मात्र आला.

सध्या मी मधलं काहीतरी करायच्या विचारात आहे. काळा सोडून मध्यम तपकिरीवर यायचं, म्हणजे मुळं इतकी उठून दिसणार नाहीत. पण रंगाने रंग उतरत नाही, हा या कामातला पहिला धडा आहे: काळ्यावर तपकिरी लावला तर मुळं तपकिरी होतील आणि लांबी काळीच राहील. एकतर ब्लीच करायचं, नाहीतर वाढू द्यायचं आणि कापत राहायचं. मी वाढू देणार आहे. कपाळाच्या उजव्या बाजूची पांढरी बट तशीच ठेवायची असं आईने सुचवलंय. स्वतःचे मात्र ती काळेच ठेवणार आहे, आणि पुढच्या रविवारी मागचं नीट लावायला मी यायचंय, हेही तिने बजावून ठेवलंय.